सुशी पथ्यात बसते काय?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेचा माणूस म्हटला म्हणजे तो महागाई, बोनस, फार तर कंत्राटी पद्धती यांवर बोलणार, अशी सर्वांची समजूत. आणि हा गृहस्थ तर जपानी खाद्यपदार्थावर बोलायला उभा राहिला आहे! विषय बरोबर छापला आहे ना, अशी चालकांनीही माझ्याकडे दोनदा चौकशी केली. घरी तर आणखीच घोटाळा झाला. माझ्या आत्याचे नाव सुशीला. तिला सगळे सुशी म्हणतात. तिला वाटले, भाचा आता भर सभेत आपले वजन काढणार!

सुरुवातीलाच एक कबुली दिली पाहिजे. मी विद्वान नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. नववीत शाळा सुटली. पुढे जे काही वाचले, ते पाळी संपल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. मात्र तीस वर्षे पगाराच्या वाटाघाटी केल्यामुळे एक सवय अंगी जडली आहे. कोणी आकडा पुढे केला, की तो कुठून आला, कोणासाठी आला आणि त्यात काय दडले आहे, हे तपासल्यावाचून मी सही करीत नाही. तीच सवय आज मी एका ताटाला लावणार आहे. ज्यांना मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार असेल, त्यांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे. माझ्या व्याख्यानावर औषधपाणी ठरवू नये.

आता हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेची एका कारखान्याशी बोलणी चालू होती. कारखान्यात जपानी भांडवल होते आणि दोन-तीन जपानी अधिकारीही होते. पगाराचा प्रश्न लवकर सुटला. अडले ते कॅन्टीनच्या थाळीवर. व्यवस्थापनाने 'आरोग्य-थाळी' नावाची एक योजना आणली होती. लोकांची वजने वाढली आहेत, साखर वाढली आहे, सबब सर्वांच्या थाळीतला भात निम्मा करावा आणि पोळ्या चाराच्या दोन कराव्यात, असे त्यांचे म्हणणे. कागदावर कॅलऱ्यांचे आकडे सुबक मांडले होते. मी विचारले, "ही थाळी भट्टीवरच्या माणसासाठी आहे, की माझ्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठी?" उत्तर मिळाले, "सर्वांसाठी एकच." झाले! तीन बैठका त्या भातावर गेल्या. शेवटी ठरले, की डाळ आणि उसळ सर्वांना वाढवून मिळावी, भात-पोळी ज्याने त्याने कामाप्रमाणे घ्यावी, आणि भट्टीखात्यात मोजमाप लावू नये.

करारावर सह्या झाल्या, आणि त्या रात्री आम्हा सर्वांना एका जपानी उपाहारगृहात जेवणाचे निमंत्रण मिळाले. योगायोग असा, की त्याच पंधरवड्यात डॉक्टरांनी माझ्या हातात तक्ता ठेवला होता: वजन शहाऐंशी किलो, रक्तात साखर, दिवसाला १६०० कॅलरी, याहून एक घास अधिक नाही. मी शेजारच्या तरुण सहकाऱ्याला म्हटले, "बाबा रे, आज पंचाईत आहे." तो म्हणाला, "भाऊ, बिनघोर खा. मासा आणि भात. तेल नाही, तूप नाही. सुशी एकदम हलकी असते." मला हेच ऐकायचे होते! मी तीन गुंडाळ्या संपवल्या. समोर बसलेले वयस्क जपानी इंजिनियर आठ घास खाऊन थांबले आणि चहा पीत बसले. हलके अन्न मी पोटभर खाल्ले, आणि भारी समजले जाणारे साहेब हलक्या पोटी घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी हिशेब मांडला तेव्हा मला घाम फुटला. तो हिशेब पुढे सांगतोच.

आधी कॅलरीची हकीकत पाहू. कॅलरी, म्हणजे मराठीत उष्मांक, हे उष्णतेचे माप. आपण आहारात जिला कॅलरी म्हणतो, ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी: एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता. बॉयलरमध्ये कोळसा जळतो, तसे शरीरात अन्न जळते, आणि त्यावर हातपाय चालतात. अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाला एका बंद खोलीत ठेवून, तो खातो किती आणि उष्णता सोडतो किती, याची मोजणी केली. एका ग्रॅम प्रथिनाच्या चार, पिष्टाच्या चार आणि स्निग्धाच्या नऊ कॅलरी, हा आज सर्वत्र वापरला जाणारा हिशेब त्याच्याच कामातून आला. आणि हा अ‍ॅटवॉटर कोणत्या चिंतेत होता? मजुराने आपल्या तुटपुंज्या पैशात अधिकात अधिक पोषण कसे मिळवावे, या चिंतेत! पुढे १९१८ साली ल्युलू हंट पीटर्स या कॅलिफोर्नियातील डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवण्यासाठी कॅलऱ्या मोजायला शिकवणारे पुस्तक लिहिले, आणि ते अफाट खपले. म्हणजे गरिबाचे ताट भरावे कसे, यासाठी वापरलेले माप वीस-पंचवीस वर्षांत सुखवस्तूचे ताट आवरावे कसे, यासाठी वापरले जाऊ लागले. माप तेच, मोजणाऱ्याचा हेतू बदलला.

आम्हा संघटनेच्या लोकांना हे माप पहिल्या अर्थानेच ठाऊक. जुलै १९५७ मध्ये दिल्लीला पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. किमान वेतन कसे काढावे याचे सूत्र तिने ठरवून दिले. कमावता एक, खाणारी तीन माणसे धरावीत. दरडोई वर्षाला अठरा वार कापड धरावे. घरभाडे, जळण, दिवाबत्ती धरावी. आणि अन्नासाठी डॉ. एक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे मध्यम कष्ट करणाऱ्या प्रौढ माणसामागे दिवसाला २७०० कॅलरी धराव्यात. हे एक्रॉइड पूर्वी कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. कितीतरी मागणीपत्रांत मी हा २७०० चा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला आहे. कॅलरी ही भांडून मिळवायची वस्तू, अशीच माझी समजूत होती.

त्या समजुतीचे मूळ आणखी मागे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. वडील साचेखात्यात होते. पहिले दोन महिने घरात काही फरक पडला नाही. मग आईने भाकऱ्या मोजायला सुरुवात केली. आधी पिठाचा डबा वाजू लागला, मग भाकरी पातळ झाली, मग तिची संख्या कमी झाली. आईला कॅलरी हा शब्द ठाऊक नव्हता. पण कोणाला किती लागते, हे तिच्याइतके अचूक कोणत्याही तज्ज्ञाने मला सांगितले नाही. हमालीला जाऊ लागलेल्या वडिलांना पूर्ण भाकरी, आम्हा मुलांना अर्धी-पाऊण, आणि ती स्वतः काय खात असे ते आम्ही कधी पाहिले नाही. अशा घरातून आलेल्या माणसाला पन्नाशीत डॉक्टर सांगतात, "कमी खा." ते ऐकताना मनाला जे होते, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. ताटात काही टाकायचे नाही आणि वाढले ते सोडायचे नाही, हा आमचा धर्म. आणि तोच धर्म आता रक्तात साखर होऊन उतरला होता.

असो. आता सुशीकडे वळू. पहिला गैरसमज असा, की सुशी म्हणजे कच्चा मासा. तसे नाही. सुशी म्हणजे आंबट चवीचा भात. तांदळाचा सिरका, साखर आणि मीठ घालून कालवलेला. त्याच्याबरोबर मासा असेल, अंडे असेल, काकडी असेल. नुसता कच्चा मासा कापून दिला तर ती साशिमी. तिला सुशी म्हणत नाहीत. पथ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. लोक माशाकडे पाहतात आणि भात विसरतात. कॅलऱ्यांचा मोठा वाटा बहुतेक वेळा भातातच असतो.

गंमत अशी, की सुशीचा आरंभ झाला तेव्हा भात खातच नसत. मासा टिकवण्यासाठी तो मिठात आणि भातात दाबून महिनोन् महिने ठेवीत. भात आंबे, त्या आंबटपणाने मासा टिके, आणि मग भात टाकून मासा खात. जपानमध्ये बिवा सरोवराच्या काठी आजही ही जुनी तऱ्हा चालू आहे. पुढे भात टाकण्याऐवजी खाऊ लागले, आणि आंबवण्याऐवजी सिरका घालू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हातानेच भाताचा लांबट मुटका वळायचा आणि वर माशाची चकती दाबायची, ही निगिरी नावाची तऱ्हा रूढ झाली. तिचे श्रेय हानाया योहेई नावाच्या सुशीवाल्याला देतात. एडो हे कारागिरांचे आणि मजुरांचे शहर. रस्त्यावरच्या गाड्यांवर ही सुशी विकली जाई. उभ्या उभ्या हाताने खायची आणि कामाला लागायचे. आपल्या वडापावाची जी जागा, तीच तिची. तिचा एकेक नग आजच्या दुप्पट, कधी त्याहून मोठा असे. ट्यूना माशाचा चरबीदार भाग तेव्हा कमी प्रतीचा समजत; आज तोच सर्वांत महाग विकला जातो. कष्टकऱ्याचे खाणे श्रीमंताच्या टेबलावर गेले, म्हणजे असे चमत्कार होतात.

त्या रात्री त्या जपानी इंजिनियर साहेबांनी दुभाष्यामार्फत मला एक हकीकत सांगितली. ती मी पुढे वाचनालयात ताडून पाहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अन्नाचा भयंकर तुटवडा पडला. १९४७ साली सरकारने हुकूम काढून बहुतेक उपाहारगृहे बंद केली. सुशीवाले उपाशी मरायची वेळ आली. तेव्हा टोकियोच्या सुशीवाल्यांच्या संघाने तोड काढली, आणि सरकारने ती मान्य केली. गिऱ्हाइकाने आपल्या शिध्यातला एक 'गो' तांदूळ घेऊन यावे. दुकानदाराने मजुरी घेऊन त्याचे दहा नग वळून द्यावेत. आपण चक्कीवर दळण नेतो आणि दळणावळ देतो, अगदी तसेच! दुकानदार अन्न विकत नाही, फक्त कष्ट विकतो. एका माणसाची सुशी म्हणजे साधारण दहा नग, हा दंडक त्या शिध्याच्या दिवसांतून घट्ट झाला.

हा एक गो म्हणजे किती? सुमारे दीडशे ग्रॅम कच्चा तांदूळ. शंभर ग्रॅम तांदळाच्या साधारण साडेतीनशे कॅलरी धरल्या, तर दीडशे ग्रॅमच्या सव्वापाचशे. म्हणजे टंचाईच्या काळातसुद्धा दहा नगांतल्या नुसत्या भाताच्या सव्वापाचशे कॅलरी, मासा वेगळा. दिवसभर राबणाऱ्या माणसाला एका वेळेस पुरेल, असे ते ताट होते. सुशी जन्मतः 'डाएट'चा पदार्थ नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आता आजचा हिशेब करू. कागद-पेन्सिल असेल त्यांनी लिहून घ्यावे. आजच्या निगिरीत शिजलेला भात साधारण वीस ग्रॅम असतो. साखर घातलेल्या या भाताच्या शंभर ग्रॅमला सुमारे दीडशे कॅलरी. म्हणजे वीस ग्रॅमला तीस. वरचा मासा बारा ग्रॅम धरा. ट्यूनाच्या बिनचरबीच्या भागाला शंभर ग्रॅममागे एकशेदहाच्या आसपास, तर पाळीव सामनला दोनशेच्या आसपास कॅलरी. तेव्हा ट्यूनाचा एक नग त्रेचाळीसचा आणि सामनचा चोपन्नचा. दहा नग खाल्ले तर सव्वाचारशे ते साडेपाचशे. त्यात माशातून पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, ती चांगल्या प्रतीची. सोळाशेचा तक्ता असणाऱ्या माणसालाही एका जेवणात आठ-दहा नग सहज सामावतात. काकडीची बारीक गुंडाळी घेतली, तर तिच्या सहा तुकड्यांना सव्वाशेच्या आसपासच कॅलरी. वरचे समुद्री शेवाळ तर हिशेबात धरण्याजोगेही नाही.

मग मी खाल्ले ते काय होते? माझ्या गुंडाळ्या अमेरिकेत वाढलेल्या तऱ्हेच्या होत्या. एकीत भात दीडशे ग्रॅम, त्याच्या सव्वादोनशे. पिठात बुडवून तळलेल्या दोन कोळंब्या, त्यांच्या शंभर-सव्वाशे. अ‍ॅव्होकॅडोच्या फोडी, त्यांच्या पन्नास. आणि वर दोन मोठे चमचे मेयोनेज, त्याचे दोनशे. बेरीज पावणेसहाशेच्या घरात. अशा तीन मी खाल्ल्या: सतराशेहून अधिक! डॉक्टरांनी दिलेला पूर्ण दिवसाचा तक्ता एका बैठकीत संपून वर शंभर कॅलरी कर्ज झाले. आणि हे सर्व 'तेल नाही, तूप नाही' या भरवशावर. मेयोनेज म्हणजे बहुतांशी तेलच, हे मला कोण सांगणार?

तेव्हा पहिला निष्कर्ष असा, की 'सुशी' हा एक शब्द आहे, एक पदार्थ नव्हे. त्या एका शब्दाखाली चाळीस कॅलरीचा नगही विकला जातो आणि सहाशेची गुंडाळीही. आम्ही करार वाचताना मथळा वाचत नाही, परिशिष्ट वाचतो. इथेही परिशिष्टच वाचले पाहिजे: तळलेले आहे काय, पांढरे सॉस आहे काय, भात बाहेरून किती जाड आहे.

दुसरा मुद्दा मिठाचा. कॅलरी मोजणारा माणूस मीठ विसरतो, कारण मिठाला कॅलरी नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. भातातही मीठ असते. सॉसची वाटी दोनदा भरून घेतली, की दिवसाचा वाटा संपला. जाणते लोक भात सॉसमध्ये बुडवीत नाहीत. माशाची कड तेवढी टेकवतात. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

तिसरा मुद्दा पोट भरण्याचा. पांढरा भात मऊ, चोथा जवळजवळ नाही, घास छोटा. पाच मिनिटांत दहा नग पोटात जातात आणि पोटाला पत्ता लागत नाही. ओसाकाकडे योशिआकी शिराइशी नावाच्या दुकानदाराने १९५८ साली फिरत्या पट्ट्यावरची सुशी सुरू केली. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून त्याला ही कल्पना सुचली, आणि त्याचे गिऱ्हाईक आसपासच्या छोट्या कारखान्यांतले कामगारच होते. पट्ट्याचा वेग कोणी ठरवायचा, यावर आम्ही व्यवस्थापनाशी जन्मभर भांडलो. इथे कामगार स्वखुशीने पट्ट्यासमोर बसतो आणि तो अधिक वेगाने फिरावा असे त्याला वाटते! पण त्या पद्धतीत एक सोय आहे. एका ताटलीत बहुधा दोन नग. रिकाम्या ताटल्यांची चळत समोरच राहते आणि शेवटी ती मोजून पैसे होतात. आपण किती खाल्ले याची हजेरी डोळ्यांसमोर लागते. आपल्याकडे वाढणारी माउली प्रेमाने वाढते आणि मोजमाप राहात नाही. ताटल्या लगेच उचलू देऊ नका, हा माझा आपल्याला व्यावहारिक सल्ला. चार-पाच ताटल्या झाल्या की हात धुवावा.

जपानी लोकांत एक जुना दंडक आहे: 'हारा हाची बु', म्हणजे पोटाचे दहा भाग धरले तर आठ भरले की थांबावे. आपले वडीलधारे सांगत, दोन घास कमी खावेत. गणित एकच. समोरचे ते इंजिनियर साहेब आठ नगांवर का थांबले, ते मला नंतर कळले.

एक धोक्याची सूचना मध्येच देऊन ठेवतो, कारण उत्साही मंडळी सर्वत्र असतात. बाजारातून बांगडा आणून घरी कच्चा खाण्याचा प्रयोग कोणी करू नये. माशांत कृमी असतात. कच्चा खायचा मासा उणे वीस अंशांवर ठरलेला काळ गोठवून ठेवावा लागतो, आणि त्याची साखळी कुठे तुटता कामा नये. गरोदर स्त्रियांनी कच्चा मासा टाळावा. मोठ्या ट्यूनांत पारा साठतो, हेही त्यांनी ध्यानात ठेवावे. कॅलरी वाचवण्याच्या नादात दवाखाना गाठू नये.

आता मूळ प्रश्नाकडे. सुशी पथ्यात बसते काय? बसते, पण कोणाच्या पथ्यात, हे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. माझ्यासारखा माणूस दिवसभर बैठकांत बसतो, गेट-मीटिंगला तेवढा उभा राहतो. मला आठ नग पुरेत. पण त्या रात्री आम्ही जेवत होतो, तेव्हा काचेपलीकडे बारा तासांची पाळी करणारा पहारेकरी उभा होता, आणि पाठीवर पेटी घेऊन सायकलवरून खाणे पोचवणारी पोरे दाराशी ताटकळत होती. पुढच्या सभेत एका कंत्राटी कामगाराने मला विचारले, "भाऊ, त्या एका ताटाला किती पडले?" मी खरे सांगितले. त्याच्या एका दिवसाच्या मजुरीहून ते अधिक होते. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "मग तुम्हाला कमी खा म्हणतात ते बरोबर आहे." सभेत हशा पिकला, मीही हसलो. पण घरी जाताना ते वाक्य माझ्याबरोबर चालत होते.

२०१९ साली केंद्र सरकारच्या एका तज्ज्ञ समितीने किमान वेतनासाठी २७०० ऐवजी २४०० कॅलरी धराव्यात, आणि त्याबरोबर पन्नास ग्रॅम प्रथिने व तीस ग्रॅम स्निग्ध धरावे, अशी शिफारस केली. जड कामे कमी झाली, बैठी वाढली, हा त्यामागचा विचार. तो अगदीच खोटा आहे, असे मी म्हणणार नाही; माझे स्वतःचे पोट त्याचा पुरावा आहे. प्रथिनांचा हिशेब स्वतंत्र मांडला, हे तर स्वागतार्हच. परंतु सरासरी ही भट्टीवरच्या माणसाचीही नसते आणि खुर्चीवरच्या माणसाचीही नसते. ज्याच्या भट्टीसमोरची उष्णता एका अंशाने उतरलेली नाही, त्याच्या ताटातल्या तीनशे कॅलरी कोणत्या न्यायाने उतरवायच्या? कॅन्टीनच्या थाळीवर मी तीन बैठका भांडलो ते यासाठीच. त्या कागदावरचे आकडे चुकीचे नव्हते. चुकीचे होते ते सर्वांना एकच आकडा लावणे.

आणि म्हणून, ज्यांना परवडत नाही त्यांनी सुशीवाचून पथ्य अडले, असे मुळीच मानू नये. पाऊणशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी अडीचशे कॅलरीची. तिच्यात चोथा आहे, ती चावावी लागते, पोटाला वेळेवर निरोप पोचतो. दीड भाकरी आणि बेताच्या खोबऱ्याचे बांगड्याचे कालवण, हे ताट दहा नग सुशीच्या आसपासच बसते. मासा न खाणाऱ्याने मटकीची उसळ घ्यावी. बांगडा परतताना तेलाचा जो मोठा चमचा आपण डोळे मिटून ओततो, त्याच्या मात्र एकशेवीस कॅलरी होतात, हे विसरू नये. मेयोनेजला नावे ठेवायची आणि स्वतःच्या कढईकडे पाहायचे नाही, हा न्याय नव्हे.

सारांश काय? सुशी खायला मिळाली तर आनंदाने खा. साधे नग घ्या, तळलेले आणि पांढऱ्या सॉसचे टाळा, सॉस टेकवा, ताटल्या मोजा, आठ-दहावर थांबा. मी तसे करतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या सोळाशेत मी आता दोन वर्षे राहिलो आहे आणि वजन नऊ किलोंनी उतरले आहे. त्यातले श्रेय सुशीचे थोडे, हिशेबाचे अधिक. परंतु स्वतःचे ताट आवरताना दुसऱ्याच्या ताटावर हात ठेवू नका. कोणी आरोग्याच्या नावाने सर्वांचा भात सारखाच कमी करू लागला, तर त्याला विचारा: हा माणूस दिवसभर काय करतो?

माझी आई आता ऐंशीच्या पुढे आहे. माझ्या ताटातली दुसरी भाकरी मी परत ठेवतो, तेव्हा तिला अजून वाईट वाटते. मी तिला म्हणतो, "आई, संप मिटला. आता मला एक पुरते." ती काही बोलत नाही, पण नातू कामावरून आला, की त्याच्या ताटात ती न विचारता दोन वाढते. तो गोदामात दिवसभर ओझी उचलतो, हे तिला माहीत आहे. माझ्या सगळ्या आकड्यांत तिच्या त्या वाढण्यापेक्षा अधिक काही नाही.